फिशटँकची गोष्ट, मुळापासून

आजचा एपिसोड फिशटँकवर आहे, पण माशांवर नाही. कुणाच्या घरी टँक असला की आपण काय विचारतो? "कुठले मासे आहेत? किती महिने जगले?" तळाशी खोवलेल्या हिरव्या रोपाबद्दल कुणी विचारत नाही. ते डेकोरेशन आहे असं आपण धरूनच चालतो. दुकानातही माशांची पिशवी आधी भरली जाते आणि "दोन झाडं पण द्या" हे शेवटी, सुट्या पैशांच्या हिशोबात येतं.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एक सवय लागते. एखादी सिस्टीम चालते तेव्हा ती नेमकी कशाच्या जिवावर चालते, ते शोधायचं. पुण्यात माझ्या फ्लॅटमध्ये दोन फुटांचा एक टँक आहे. त्याच्याकडे बघत बघत मी त्याच्या इतिहासात शिरलो आणि असं लक्षात आलं की घरातला फिशटँक ही कल्पनाच मुळात झाडातून आली. त्यातही मातीत मूळ रोवलेल्या झाडातून. ते आपण मध्येच विसरलो आणि मग शंभरेक वर्षांनी पुन्हा शिकलो. आजची गोष्ट तीच.

सुरुवात करूया १७७१ पासून. इंग्लंडमधलं लीड्स शहर. जोसेफ प्रिस्टली नावाचा धर्मगुरू फावल्या वेळात हवेवर प्रयोग करायचा. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की त्या हवेत दुसरी मेणबत्ती पेटत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने त्या विझलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. हो, आपला चटणीचाच पुदिना. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली! झाड 'खराब' हवा दुरुस्त करतं, हे पहिल्यांदा दिसलं. पण प्रयोग कधी जमायचा, कधी फसायचा. का, ते कळेना.

ते कोडं सोडवलं यान इंगेनहाउस या डच डॉक्टरने, १७७९ च्या उन्हाळ्यात. त्याने पानं चक्क पाण्यात बुडवून ठेवली. उन्हात ठेवली की पानांवर बुडबुडे यायचे, अंधारात नेली की थांबायचे. म्हणजे काम झाडाचं, पण ते चालतं उजेडावर. त्या एका उन्हाळ्यात त्याने पाचशेहून जास्त प्रयोग केले. आज कुणाच्या टँकमध्ये लाईट लावल्यावर पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसले की लगेच रील बनते. त्या रीलचं पहिलं शूटिंग इंगेनहाउसच्या भांड्यात झालं होतं असं समजा.

आता उडी मारूया सत्तर वर्षं पुढे, लंडनमध्ये. १८४५ साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. घरात काचेची मोठी भांडी दिसू लागली. अ‍ॅना थिन नावाच्या एका बाईंनी १८४६ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनच्या घरी आणलं. ते जगवायचं कसं? त्यांची मोलकरीण रोज ते समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसायची, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. म्हणजे आज आपण जो एअर पंप लावतो, ते काम तेव्हा एक माणूस हाताने करत होतं. पुढे त्यांनी भांड्यात समुद्री वनस्पती घातल्या आणि तो भार हलका झाला.

आणि आता आजच्या गोष्टीचा हिरो. रॉबर्ट वॉरिंग्टन. पेशाने रसायनतज्ज्ञ. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत कामाला. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी सुरू करण्यात त्याचा पुढाकार होता. त्याला एक सरळ प्रश्न पडला. मासा ऑक्सिजन घेतो, झाड ऑक्सिजन सोडतं. मग दोघांना एकाच पाण्यात ठेवलं, तर पाणी न बदलता ते एकमेकांना सांभाळतील का?

त्याने बारा गॅलनचं, म्हणजे साधारण चोपन्न लिटरचं काचेचं भांडं घेतलं. आज दुकानात मिळणारा दोन फुटी टँक जवळपास एवढाच असतो. भांडं अर्धं पाण्याने भरलं. तळाशी वाळू आणि चिखल, एका बाजूला दगड. त्यात दोन छोटे गोल्डफिश. आणि वॅलिस्नेरियाचं एक छोटं रोप. या रोपाची मुळं त्याने वाळू-चिखलात खोचली आणि वर एक दगड ठेवला, रोप उपटून तरंगू नये म्हणून. हे त्याने आपल्या १८५० च्या निबंधात नीट लिहून ठेवलंय. टँकमध्ये रोप लावायची कृती सांगणाऱ्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

प्रयोग चालला. पण मग एक बग आला. वॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने पाणी फेकलं नाही. तळ्यात अशी पानं कुजतात तेव्हा ती कोण खातं, असा विचार त्याने केला आणि पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पानं आणि तो थर फस्त केला. वर त्यांनी घातलेली अंडी माशांना खायला मिळाली. पाणी पुन्हा स्वच्छ. झाड, मासा आणि गोगलगाय. या तिघांवर ते भांडं महिनोन् महिने चाललं.

त्याचा हिशोब होता ऑक्सिजनचा. आज आपण त्या हिशोबात आणखी एक ओळ घालतो, ती म्हणजे अमोनिया. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो आणि बंद पाण्यात तो विष ठरतो. नव्या टँकमधले मासे आठवड्याभरात पटापट मरतात, त्यामागे बहुतेक वेळा हाच असतो. मातीतले आणि पाण्यातले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टँक पाळणारे ज्याला 'सायकल होणं' म्हणतात, ते हेच. आणि गंमत ऐका. हे काम दोन टप्प्यांत आणि सजीवांकडूनच होतं, हे ज्यांच्या संशोधनातून स्पष्ट होत गेलं त्यांच्यातलं एक नाव आहे रॉबर्ट वॉरिंग्टन. तोच नाही, त्याचा मुलगा! बापाचं आणि मुलाचं नाव एकच. मुलगा इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेतीच्या संशोधन केंद्रात शेतातल्या मातीवर काम करत होता. बापाने काचेत तळं बसवलं तेव्हा हे पोरगं अकरा-बारा वर्षांचं होतं. टँकचं निम्मं विज्ञान बापाच्या भांड्यातून आलं आणि निम्मं मुलाच्या शेतातून.

आता जरा थांबूया आणि एक प्रश्न विचारूया. वॉरिंग्टनने मुळं चिखलात का खोचली? रोप नुसतं पाण्यात सोडलं असतं तर?

तरंगणारी झाडंही अमोनिया खातात, ऑक्सिजन देतात. पण मूळ धरणारं झाड एक जास्तीचं काम करतं आणि ते दिसत नाही. पाण्याखालच्या गाळात हवा जवळजवळ नसते. तिथे मूळ जगतं कसं? कमळकाकडी कापलीय कधी? आडवी चकती केली की आत भोकं दिसतात. ती हवेच्या नळ्या आहेत. वरून हवा त्या नळ्यांतून खाली गाळात उतरते. पाणवनस्पतींमध्ये कमी-जास्त प्रमाणात अशीच व्यवस्था असते. भाताचं रोपही चिखलात उभं राहतं ते त्यामुळेच. शिवाय यातला थोडा ऑक्सिजन मुळांतून आजूबाजूच्या गाळात झिरपतो आणि तिथल्या उपयोगी जिवाणूंना जगवतो. म्हणजे मूळ फक्त मातीतून घेत नाही, मातीला देतंही. ज्या टँकमध्ये मुळं पसरलीत, तिथला गाळ सहसा काळा पडून सडक्या अंड्यासारखा वास मारत नाही, तो यामुळे.

एवढं सगळं १८५० मध्ये जमलं होतं. मग आपण विसरलो कधी?

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं. लोकांसाठीचं जगातलं पहिलं मत्स्यालय. १८५४ मध्ये फिलिप गॉसचं पुस्तक आलं आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी पोचला. इंग्लंडला अक्षरशः वेड लागलं. लोक किनाऱ्यावरून जीव गोळा करून आणायचे आणि काचेत कोंबायचे. झाड किती, प्राणी किती, याचं गणित कोण करतंय! टँक नासायचे, वास मारायचे, फेकले जायचे. काही वर्षांतच ती लाट ओसरली. कल्पना चुकीची नव्हती, लोकांनी तिच्यातलं झाडच गाळून टाकलं होतं.

मग विसाव्या शतकात वीज आली. पंप आला, फिल्टर आला, हीटर आला. झाडाचं काम मशीन करू लागलं आणि झाडाची जागा प्लास्टिकने घेतली. चिखल गेला, निळे-गुलाबी खडे आले. मशीनला मी नावं ठेवणार नाही, माझ्याकडेही फिल्टर आहे. पण लाईट गेली की काय होतं ते आठवा. चार तास भारनियमन असलं की नुसत्या मशीनवर चालणारा, माशांनी भरलेला टँक गुदमरायला लागतो. झाडांनी भरलेल्या, मासे बेताचे असलेल्या टँकला दिवसाउजेडी तेवढं भागवून नेता येतं. एकाच पार्टवर सगळी सिस्टीम टांगू नका, हे आम्हाला पहिल्या नोकरीत शिकवतात. वॉरिंग्टनच्या भांड्याला तर प्लगच नव्हता!

झाडाची आठवण अगदीच पुसली गेली नव्हती. नेदरलँड्समध्ये हौशी लोकांनी टँकमध्ये बागेसारखे वाफे करायची पद्धत जपली. तिलाच आज 'डच स्टाईल' म्हणतात. पण जगाने मान वळवून बघितलं ते जपानकडे. ताकाशी अमानो, जन्म १९५४, गाव निगाता भागातलं. आधी व्यावसायिक सायकल शर्यतपटू, मग निसर्गाचा फोटोग्राफर. १९८२ मध्ये त्याने 'अ‍ॅक्वा डिझाइन अमानो' ही कंपनी काढली. दगड, लाकूड आणि झाडं वापरून त्याने पाण्याखाली डोंगर, कुरणं, जंगलं उभी केली. मासे त्यात पाहुण्यासारखे. त्यालाही शेवाळाचा त्रास झालाच. त्याने काय केलं? शेवाळ खाणाऱ्या छोट्या कोळंबीला कामाला लावलं. आज दुकानात ती 'अमानो श्रिंप' याच नावाने मिळते. वॉरिंग्टनची गोगलगाय आठवली? सव्वाशेहून जास्त वर्षांनी तोच प्रश्न, तेच उत्तर. त्याचं शेवटचं मोठं काम पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या मत्स्यालयासाठी केलेलं. चाळीस मीटर लांब, एक लाख साठ हजार लिटर पाणी. ते २०१५ मध्ये खुलं झालं आणि त्याच वर्षी अमानो गेला.

अमानोची पद्धत सुंदर, पण खर्चिक. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, तगडा लाईट, दर आठवड्याला कात्री. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी एक पुस्तक लिहिलं आणि उलट रस्ता दाखवला. साधी माती घाला, वर खड्यांचा थर द्या, भरपूर झाडं लावा, मासे थोडे ठेवा आणि सिस्टीमला तिचं काम करू द्या. दीडशे वर्षं फिरून आपण परत वॉरिंग्टनच्या चिखलात येऊन पोचलो.

तर या सगळ्यातून आपल्या दोन फुटी टँकसाठी काय घ्यायचं? पटापट सांगतो.

तळाशी साधारण एक इंच बागेतली माती. शेणखत, गांडूळखत न मिसळलेली, नाहीतर पाण्यात अमोनिया उसळतो. त्यावर एक-दीड इंच बारीक खडे, दोन-तीन मिलिमीटरचे. माती नको असेल तर खड्यांचा थर थोडा जाड करा आणि मुळांशी खताच्या गोळ्या पुरा.

दुकानातून आणलेल्या जुडीला शिशाची पट्टी किंवा स्पंज गुंडाळलेला असतो. तो काढा. कुजकी पानं तोडा. लांब मुळं कात्रीने दोन-तीन सेंटिमीटरवर आणा. मग लांब चिमट्यात मूळ धरून तिरकं आत सरकवा आणि चिमटा हळूच सोडून बाहेर घ्या. भातलावणी बघितली असेल तर हात कसा जातो ते कळेल. वॅलिस्नेरियाचा गड्डा, म्हणजे मूळ आणि पान जिथे भेटतात तो पांढरट भाग, खड्यांच्या वर राहू द्या. तो गाडला की रोप सडतं. अनुबियास आणि जावा फर्न यांचं तर आडवं खोडच असतं. ती खड्यात पुरायची नाहीत, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धीर. नर्सरीत यातली बरीचशी रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्यात गेली की जुनी पानं गळतात. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली की अक्षरशः विरघळतं. वर काहीच उरत नाही. पण ते मेलेलं नसतं, खाली मूळ जिवंत असतं. उपटू नका. सडलेली पानं काढा आणि वाट बघा. काही आठवड्यांत त्याच जागी नवी पानं येतात, या वेळी पाण्याची सवय असलेली. लाईट दिवसाला सात-आठ तास, टायमर लावून. जास्त दिलात तर झाडाऐवजी शेवाळ वाढेल. मासे घाईने भरू नका. आधी रोपांना मूळ धरू द्या.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आजचा सगळ्यात मोठा. ही झाडं येतात कुठून? काही आपल्याच अंगणातून येतात. क्रिप्टोकोरिनची एक जात, स्पायरॅलिस, आपल्या सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ओढ्यांच्या काठाने वाढते. आणि कास पठारावर पावसाळ्यात पाणी साचतं, तिथे वायतुरा फुलतो. इंग्रजी वाय अक्षरासारखा फुलांचा तुरा. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे साताऱ्याचं नाव त्यात कोरलेलं. विज्ञानात त्याची नोंद झाली १९८२ मध्ये, अमानोने कंपनी काढली त्याच वर्षी. याच कुळातल्या इतर जातींचे कंद जगभर टँकसाठी विकले जातात. वायतुऱ्याचं सगळं आयुष्य त्या मातीतल्या कंदात असतं. पाणी आटलं की वर काही राहत नाही, पुढच्या पावसात कंदातून तो पुन्हा येतो. कुणी हौसेने तो कंद उपटून आणला, तर पुढच्या वर्षीचा पावसाळाच तिथून उचलून आणल्यासारखं आहे. टँकसाठी नर्सरीतलंच रोप घ्या.

उलटा प्रवासही तितकाच धोकादायक. हायड्रिला ही आपल्या भागातली साधी पाणवनस्पती. १९५० च्या दशकात टँकच्या व्यापारातून ती अमेरिकेत फ्लोरिडात गेली, तिथल्या कालव्यात पडली आणि पसरत पसरत तळी-नद्या गिळत सुटली. ती काढण्यावर तिथे आजही पैसा ओतला जातोय. आणि २०२० मध्ये केरळमधल्या कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडी इथल्या गुलाबी फुलांनी भरलेल्या पाण्याचे फोटो व्हायरल झाले होते, आठवतं? लोक सेल्फी काढायला धावले. ते होतं कबोम्बा, अमेरिका खंडातलं, टँकमध्ये लावलं जाणारं झाड. ते पाणी अडवतं आणि तिथल्या मूळच्या झाडांची जागा खातं.

म्हणून टँकची छाटणी ओढ्यात, नदीत, गणपती विसर्जनाच्या तलावात टाकू नका. उन्हात कडक वाळवा आणि कुंडीत खत म्हणून घाला. एक तुकडासुद्धा मूळ धरू शकतो. जी ताकद बंद काचेत माशांना जगवते, तीच उघड्या नदीत दुसऱ्या झाडांचा गळा धरते.

पुढच्या वेळी कुणाच्या घरी टँक दिसला, तर मासे किती ते विचाराच. पण वाकून एकदा तळाकडेही बघा आणि विचारा, "मूळ धरलं का?"

तुमच्या टँकमध्ये काय लावलंय ते मला नक्की कळवा. आणि ज्या मित्राच्या टँकमध्ये अजून प्लास्टिकची झाडं आहेत, त्याला हा एपिसोड पाठवा. भेटूया पुढच्या वेळी. तोवर काळजी घ्या!